धुरातलं अक्षर

आमच्या व्याह्यांइतका पैशाकडे निरखून बघणारा आणि तरीही पैशाची किंमत न कळणारा माणूस भिलाईत दुसरा नसेल, आणि भिलाईत नसेल तर कुठेच नसेल, कारण या आमच्या गावात देशाच्या चारी टोकांची माणसं येऊन राहिलेली आहेत. तुम्ही-आम्ही नाणं बघतो ते एकाचं की दोनाचं एवढ्यापुरतं. व्याही नाणं बघतात ते सूनमुख बघावं तसं. बाजारात भाजीवालीने सुटे परत दिले की हे रांगेतून बाजूला होतात, चष्मा कपाळावर चढवतात, उजेड कुठून येतो ते पाहतात आणि एकेक नाणं तिरपं करून न्याहाळत बसतात. मागे माणसं खोळंबलेली, पिशवीतली कोथिंबीर मान टाकत चाललेली, पण यांचं आपलं चाललेलं. एकदा एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "का देखत हस बबा, नकली नोहय." तर हे शांतपणे म्हणाले, "नकली नाही गं बाई, पण चित्र कंटाळून काढलेलं हाय." तिला काय कळणार? तिने ते नाणं परत घेतलं, स्वतः उलटंसुलटं करून पाहिलं, शेजारच्या टोपलीवालीला दाखवलं, आणि गुपचूप दुसरं दिलं. तेव्हापासून त्या रांगेत कंटाळलेली नाणी वेगळी ठेवतात म्हणे. चांगल्या हाताचं लहान नाणं मिळावं म्हणून वाईट हाताचं मोठं नाणं देऊन टाकताना तर मी त्यांना माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. पोरं नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि दोन्हीकडची म्हातारी मंडळी इथेच राहिली, त्यामुळे आमचा व्याहीपणाचा मानपान केव्हाच संपला आणि नुसतं शेजारपण उरलं. मी त्यांना भाऊ म्हणते. पण सुरुवातीला असं नव्हतं, बरं का. मुलगी बघायला आले तेव्हा आमच्या घरी सगळे घाबरून गेले होते. पोह्यांच्या बश्या तशाच, आणि हे गृहस्थ खुर्ची सरकवून माझ्या लेकीच्या बाजूला जाऊन बसले, आणि समोरून न पाहता बाजूने पाहू लागले. किती वेळ. लेक माझी लाजून अर्धी झाली. आमचे हे माझ्याकडे बघायला लागले, की काही खोट तर नाही दिसली? शेवटी भाऊ म्हणाले, "नाकाची रेघ कपाळातून तुटत नाही. नाण्याच्या ठशासाठी उत्तम." तेव्हा माझ्या विहीणबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि आम्हाला समजावून सांगितलं, "पोरगी पसंत हाय म्हणून राहिले ते. मलेबी असंच म्हणले होते. मी तवा रडली होती."

विहीणबाईंचं दुःख वेगळंच. त्यांच्या घरात एकही तांब्यापितळेचं भांडं लखलखीत नाही. समया काळ्या, घंटा काळी, पाण्याचा हंडा तर विहिरीतून आत्ता वर काढल्यासारखा. भाऊंचा हुकूम की धातूला घासायचं नाही. "वरचा काळा थर म्हणजे त्या वस्तूचं वय असतं. वय कोणी खरवडून काढतं का?" असं ते एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर म्हणाले. विहीणबाई आतून म्हणाल्या, "मंग तुमी केसाले कलप कावून लावता जी?" त्या दिवसापासून भाऊंनी कलप सोडला. भांडी मात्र काळीच राहिली. एकदा ते गावाला गेलेले पाहून विहीणबाईंनी हंडा माझ्याकडे आणला, आम्ही दोघींनी तो चिंच लावून असा घासला की आरसा झाला. भाऊ परतले, हंड्यापुढे उभे राहिले, आणि दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. कोणी गेलं असतं तर इतकंच केलं असतं त्यांनी.

हे सगळं वेड आलं मास्तरांकडून. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. इथल्या स्टील प्लांटच्या प्रसिद्धी खात्यात एक चित्रकार होते, वर्ध्याकडचे, बुटके, खांद्यावर सदा पंचा. हेल्मेट घाला, बूट घाला अशी चित्रं काढण्याची त्यांची नोकरी, पण क्वार्टरच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, ते प्लास्टरमध्ये मेडलं घडवत. पदक हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही, मेडलच म्हणतात. खेळांची, सुरक्षेची, शाळांची मेडलं त्यांच्या हातची. सरकारी टांकसाळीकडेही ते नाण्यांची चित्रं पाठवत. त्यातल्या एकदोनांची नाणी निघाली, बाकीची साभार परत आली. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे पंचवीस वर्षं नोकरी झालेल्यांना मिळणारं मेडल. मोठं, पितळी, तळहातात भरेल एवढं. त्यावर भट्टी, भट्टीची चिमणी, चिमणीतून निघून वळसा घेत जाणारा धूर, आणि खाली एक माणूस, कपाळावर हात आडवा धरून वर बघणारा. ते मेडल ज्याच्या घरी आलं त्याच्या घरी पेढे वाटले जात.

तर या मेडलावर करणाऱ्याचं नाव नव्हतं. ठसा कलकत्त्याला पाडला, म्हणून कागदोपत्री ते काम तिथल्या कारखान्याचंच लागलं. मास्तर कधी बोलले नाहीत, कोणी विचारलं तर "असंल बाप्पा" म्हणायचे. पण भाऊंनी एक गोष्ट पाहिली होती. ते तेव्हा प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात नवखे. त्यांच्या साहेबांना पहिल्या खेपेलाच ते मेडल मिळालं आणि साहेबांनी ते सगळ्यांना बघायला दिलं. भाऊंच्या हातात आलं तेव्हा खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, आणि त्या उन्हात, धुराच्या वळशात, त्यांना एक मोडी अक्षर दिसलं. मास्तरांच्या नावाचं पहिलं अक्षर. मोडी लिहिताना हात उचलायचा नसतो, ती धुरासारखीच वळत जाते. मास्तरांनी आपली सही तिथे मुरवून ठेवली होती. भाऊ सायकल हाणत पेरूच्या झाडाखाली पोचले. मास्तर हसले. म्हणाले, "दिसलं ना तुले? मंग झालं. गावभर सांगत नोको फिरू." भाऊंनी शब्द पाळला. पुढे तो ठसा झिजला, दुसरा पाडला, आणि दुसऱ्या ठशात धूर नुसता धूर राहिला, अक्षर गेलं. आमच्या ह्यांचं मेडल दुसऱ्या ठशाचं, खुद्द भाऊंचंही दुसऱ्याच ठशाचं. म्हणजे मास्तरांचं नाव होतं ते फक्त पहिल्या खेपेच्या मेडलांवर. आमच्या मेडलाकडे भाऊंनी त्यामुळे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. याचं आमच्या ह्यांना शेवटपर्यंत थोडं वाईट वाटत असे.

मास्तर गेल्यावर दिलेल्या शब्दाची गाठ सुटली, आणि भाऊंनी मास्तरांच्या कामावर परिसंवाद सुरू केला. दर वर्षी, आपल्या मराठी मंडळाच्या हॉलात. पहिल्या वर्षी हॉल भरला होता. पहिल्या खेपेची मेडलवाली माणसं लेकीसुनांना घेऊन आली होती, मी दोन डबे चिवडा केला होता, तो पुरला नाही. रायपूरहून इतिहासाचे एक प्रोफेसर आले. त्यांना खरोखरच नाण्यांतलं कळत होतं, आणि भाऊ पुढे जे काही शास्त्र शिकले, काळा थर वगैरे, ते त्यांच्याकडूनच. पण परिसंवाद म्हणजे भाऊंचा परिसंवाद. ते टेबलावर घंटी घेऊन बसत आणि कोणी "सुंदर" म्हटलं की वाजवत. "सुंदर म्हणजे काय ते सांगा. रेघ कुठून निघाली, कुठे संपली, ते सांगा." एक शिक्षिका मास्तरांच्या नाण्यावरच्या बैलावर निबंध वाचायला उभी राहिली, चार वाक्यांत तीनदा घंटी वाजली, ती तशीच खाली बसली आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ रडली. एका वर्षी एकाने नाण्यावरच्या गव्हाच्या ओंबीतल्या दाण्यांच्या मांडणीवर दुपारभर वाचलं. त्यावर भाऊ इतके खूश की चहाची सुट्टीच विसरले. हळूहळू ऐकणारे गेले. मग असं झालं की जे बोलायला येत तेच ऐकायला असत, आणि चिवडा उरू लागला.

शेवटच्या परिसंवादात भाऊंनी धुरातल्या अक्षरावर निबंध वाचला. छान वाचला. मला त्यातलं निम्मं कळलं आणि निम्म्याला रडू आलं. प्रोफेसर उठले आणि अदबीनेच म्हणाले, "पुरावा?" भाऊ म्हणाले, "पुरावा घरोघरी आहे." प्रोफेसर म्हणाले, "मग एखादा आणून दाखवा. आपण दोघं मिळून छापू. मास्तरांचं नाव लागेल मेडलाला." आता यात रागावण्यासारखं काय होतं, सांगा. पण भाऊंना वाटलं, हा माणूस मला खोटं पाडतो आहे. त्यांनी घंटी उचलली, पिशवीत टाकली आणि परिसंवाद संपला तो संपला. मी नंतर म्हटलंसुद्धा, "भाऊ, एक मेडल आणायला काय जातं?" तर म्हणाले, "आणीन ना. मेडलं कुठं पळून चालली? गावातच तर हाय."

गावातली वस्तू बघायची राहून जाते ती अशी. मग त्यांचं रिटायरमेंट झालं, पोरं बंगलोरला गेली, आमचे हे गेले, विहीणबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं झालं. भाऊ नाणी तिरपी करून बघत राहिले. साहेब केव्हाच आपल्या गावी जाऊन वारले होते, त्यांच्या मेडलाचा पत्ता नव्हता. आणि इकडे टाऊनशिप रिकामी होत चालली. एकेका क्वार्टरला कुलूप, अंगणात गवत. ज्यांची मुलं पुण्याला ते पुण्याला गेले, ज्यांची नागपूरला ते नागपूरला. एके दिवशी भाऊ असंच कुणालातरी दुर्ग स्टेशनवर पोचवून सरळ माझ्याकडे आले, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "विहीणबाई, मेडलं गाव सोडून चालली." आणि तिथेच, माझ्या फोनवरून, त्यांनी प्रोफेसरांना फोन लावला. परिसंवाद पुन्हा भरवायचा. प्रोफेसर आता फार थकलेले, कानात यंत्र. पण म्हणाले, "येतो. पुरावा असेल ना?" भाऊ म्हणाले, "असेल." घरी विहीणबाईंनी विचारलं, "तवाच कावून नाही गेले जी पुरावा आणाले?" भाऊ म्हणाले, "तवा राग आला होता." "किती टिकाऊ राग," विहीणबाई म्हणाल्या, "प्लांटमधेच बनवला होता का?"

मंडळाचा सेक्रेटरी आता एक तरुण पोरगा. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि मंडळात दोन्ही. तो म्हणाला, "काका, हॉल मिल जाएगा, पण नवरात्र आहे ना, संध्याकाळी दांडियाची प्रॅक्टिस रहती है. उसके पहले आटपा." नंतर हळूच विचारलं, "हे सिक्केवाले मास्तर म्हणजे कोण होते?" भाऊंनी त्याला उभ्या उभ्या इतकं सांगितलं की त्याचा फोन तीनदा वाजून बंद झाला. मग आम्ही मेडलं शोधायला निघालो. मला बरोबर घेतलं, कारण जुन्या घरांतले पुरुष आता फारसे राहिले नव्हते आणि बायकांशी बोलायचं म्हणजे भाऊंना घंटीशिवाय जमत नाही.

पहिलं घर जवळच्या कुरुदला. मुलाने नवं बांधलेलं, मोठं फाटक. सुनेने मेडल म्हटल्याबरोबर ओळखलं. "हां, है ना. आजींनी देवघरात ठेवलं हाय." आणि ताम्हनातून आणून समोर धरलं. भाऊंनी ते घेतलं, खिडकीशी नेलं, तिरपं केलं. मी मागून पाहिलं. त्यात भट्टी नव्हती, माणूस नव्हता, धूर नव्हता. भाऊंचा स्वतःचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता. "रोज पूजा होती है," सून कौतुकाने म्हणाली. भाऊंनी "हं" म्हटलं आणि बाहेर आल्यावर मला समजावलं, "एखाद्या घरी असं होतं. नवीन पोरी, त्यांना काय कळतं."

दुसरं घर भिलाई-तीनला. तिथली म्हातारी आम्हाला देवघरापर्यंत घेऊन गेली. तिचं मेडल मधे उभं, दोन्ही बाजूंना चांदीचे टाक, वर जास्वंद. चिमणीचा नुसता उंचवटा राहिला होता आणि त्यावर कुंकू लावलेलं होतं. "आमची देवी," म्हातारी म्हणाली. भाऊंना राहवेना. "अहो, ही देवी नाही, ही भट्टी आहे. ब्लास्ट फर्नेस." म्हातारीने एकदा मेडलाकडे आणि एकदा भाऊंकडे पाहिलं. "असंल जी. पण इतक्या सालापासून निवद खाऊन राहिली, आता तिले भट्टी कशी म्हणू?" मी तोंडाला पदर लावला. भाऊ हसले नाहीत. परतताना त्यांनी हिशेब घातला की अजून घरं आहेत. ती घरंही झाली. दसरा तोंडावर आलेला, जिथे जावं तिथे देव नुकतेच घासून पुसून मांडलेले, आणि त्यांत आपलं ते मेडल, गोल, गुळगुळीत, उन्हातल्या पाण्यासारखं. एका घरी तर सुनेने आम्ही येणार म्हणून मुद्दाम सकाळी लिंबू लावून ठेवलं होतं.

शेवटचं घर उतईला. नवरा प्लांटातून सुटल्यावर शेतीवर परतलेलं कुटुंब. म्हातारी ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. भाऊंना पाहिलं आणि तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला. "या जी भाऊ. वळखलं मी तुमाले." मेडल आणलं. तेही तसंच. भाऊंनी ते उन्हात तिरपं केलं, आणि त्यांचा आवाज चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत कुठल्या बाईवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"कायनं घासता हे, मावशी?"

"चिंचेनं जी. मंग राखेनं. दसरा, दिवाळी, आन् दर अमावस्येले."

"पण कावून? हे काय देव हाय?"

म्हातारी गोंधळली. रागावली नाही, फक्त गोंधळली, जसं आपण बरोबर उत्तर दिल्यावर शाळेत गुरुजींनी छडी उचलावी. "तुमीच त सांगतलं होतं, भाऊ," ती म्हणाली. "मंडळाच्या हॉलात. मी आपल्या मालकाच्या बाजूनं बसली होती. तुमी टेबलावर हात मारून म्हणले, मास्तराचं मेडल देवाच्या टाकासारखं जपा, पोरायले खेळाले देऊ नोका. मालकानं त्याच दिवशी देवघरात ठेवलं. जाताना बी सांगून गेले, त्या शिकल्या-सवरल्या भाऊनं सांगतलं हाय, याची पूजा चुकवू नोको म्हून. आता देव काळे कोण ठेवते जी? म्या एकबी अमावस्या नाही चुकवली."

मला तेव्हा तो पहिला परिसंवाद आठवला. भाऊ खरंच तसं म्हणाले होते, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. घासू नये हे ते नंतर शिकले. पण ते शिकले तोपर्यंत ऐकणारी माणसं घरी गेली होती, आणि पुढची सगळी वर्षं भाऊ घंटी वाजवून वाजवून जे सांगत राहिले ते ज्यांना आधीच ठाऊक होतं त्यांना. ज्यांनी ऐकलं त्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं आणि ते शब्दशः पाळलं. अख्ख्या गावाने भाऊंचं एकच म्हणणं कधी मानलं असेल तर ते हे.

भाऊंनी मेडल त्या माऊलीच्या हातात परत दिलं आणि वाकून दोन्ही हात जोडले. "चांगलं केलं मावशी," ते म्हणाले. "फार चांगलं जपलं तुम्ही." बसमध्ये मात्र ते खिडकीकडे तोंड करून बसले. कंडक्टरने सुटे दिले ते न बघता खिशात टाकले. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मला वाटलं, आता परिसंवाद रद्द. विहीणबाईंनाही तसंच वाटलं, त्या म्हणाल्या, "प्रोफेसरले सांगून द्या, तब्येत बरी नाही." भाऊ म्हणाले, "बोलावलं हाय, तर होईल." आणि झाला. गंमत अशी की हॉल भरला. मेडलं घेऊन या असं आम्ही घरोघरी सांगून आलो होतो ना, तर सगळ्या आल्या, नव्या साड्या नेसून, मेडलं रुमालात बांधून. उतईची म्हातारीही नातवाच्या गाडीवर बसून आली. टेबलावर पांढरी चादर घातली, तिच्यावर ती सगळी मेडलं ओळीने मांडली, आणि ट्यूबलाइटखाली ती अशी चमकली की पोरं फोटो काढू लागली. प्रोफेसर भिंग घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मग त्या टोकापासून परत या टोकाला आले. भिंग खिशात घालून खुर्चीवर जाऊन बसले.

भाऊ उभे राहिले. हातात जाडजूड निबंध होता, तो त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला. घंटी आणलीच नव्हती. म्हणाले, "धुराच्या वळशात मास्तरांचं अक्षर होतं. मी पाहिलं होतं. आता ते दाखवता येत नाही, कारण मेडलं झिजली. ती कोणाच्या चुकीने झिजलेली नाहीत. याच हॉलात मी एक चुकीचं वाक्य बोललो आणि तुम्ही ते मनापासून ऐकलं. त्याआधी मी अक्षर बघितलं होतं, त्यानंतर कितीक वर्षं मला पुन्हा बघता आलं असतं. मी रागावून घरी बसलो." इतकंच. परिसंवादाचा सगळ्यात लहान निबंध. बायकांना कळेना, टाळ्या वाजवायच्या की नाही.

प्रोफेसर खुर्चीच्या हाताला धरून उठले. "त्या वेळी मी पुरावा मागितला होता," ते म्हणाले. "आज माझं वय झालं. इतकी वर्षं एक माणूस एकच गोष्ट सांगतो आहे. मी मानतो. अक्षर होतं. मी तसं लिहीन." हॉलात टाळ्या सुरू झाल्या. माझ्याही हातांनी वाजवल्या. भाऊंनी हात वर करून त्या थांबवल्या. ते रागावले नव्हते. "नाही सर," ते म्हणाले. "तुम्ही मानू नका. तुम्हीच शिकवलंत, वस्तू हातात नसताना मानायचं नसतं. लिहायचंच तर इतकं लिहा, की भिलाईतल्या एका माणसाचं असं म्हणणं होतं." प्रोफेसर मान हलवून खाली बसले. तेवढ्यात सेक्रेटरी दारातून म्हणाला, "काका, दांडियावाले बाहर खडे हैं," आणि परिसंवाद संपला.

चहा झाला. बायका आपापली मेडलं उचलायला टेबलाशी आल्या. मला वाटलं होतं, आता गोंधळ उडणार, सगळी एकसारखी कोरी. पण एकीचीही चूक झाली नाही. प्रत्येकीने हात पुढे केला, अंगठ्याने एकदा चाचपलं आणि आपलं उचललं. "हे माहं," "हे नाही, ते आमचं." भाऊ कपबशी हातात धरून हे बघत उभे होते. चहा गार झाला तरी बघत होते. सगळ्या गेल्यावर नुसती चादर राहिली, तिची घडी त्यांनी स्वतः केली.

विहीणबाई भांडी आवरायला थांबल्या, भाऊ आणि मी ऑटोत बसलो. नवरात्राचे दिवस, सेक्टरासेक्टरात मंडप, मुली ओढण्या सावरत हॉलांकडे निघालेल्या. भाऊ बाहेरचे मंडप बघत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "विहीणबाई, मी ते पाहिलं होतं ना?"

हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला काय ठाऊक. नाही म्हणायला माझी जीभ वळली नसती. मी म्हटलं, "कुठं होतं ते, मला कधी नीट सांगितलंच नाही तुम्ही."

त्यांनी डावा तळहात उघडला आणि उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवलं. "ही चिमणी. इथून धूर निघतो. वर जातो, असा, आणि मग वळतो." बोट वळलं. थांबलं. मागे आलं. "नाही, आधी असा वळतो. डावीकडे." पुन्हा चिमणीपासून सुरुवात केली. "खिडकी या बाजूला होती. म्हणजे ऊन असं. म्हणजे अक्षर..." बोट तळहातावर हळूहळू फिरत राहिलं, जुन्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं.

आमची पाण्याची टाकी गेली, आमची गल्ली गेली, माझं फाटक गेलं. ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हातानेच सांगितलं, चालू दे.

"सावकाश आठवा भाऊ," मी म्हटलं. "घर यायला अजून वेळ आहे."